कात्रीबाईंचं परीक्षण

“तिच्याविरुद्ध लिहा,” नाट्यगृहाच्या दारात गाठून ती बाई म्हणाली. “एवढे उपकार करा.”

कात्रीबाई चमकल्या. वर्तमानपत्रात नृत्याची परीक्षणं लिहीत त्यांना तीस वर्षं झाली होती. ‘कात्रीबाई’ हे नाव कलावंतांनीच ठेवलेलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. चांगलं लिहा म्हणून लोक हातापाया पडत. उलटं मागणारी ही पहिलीच.

“आजची मुख्य नर्तिका माझी एकुलती एक लेक आहे. गुडघ्याची पार वाट लागलीय. हा हंगाम नाचली तर कायमची अधू होईल, म्हणतात डॉक्टर. आम्ही सांगून थकलो. पण तुमचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.” तिनं कात्रीबाईंच्या काठीकडे पाहिलं. “तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?”

गुडघ्यापायीच बाईंचा बॅले चोविसाव्या वर्षी सुटला होता. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“बघते,” त्या एवढंच म्हणाल्या आणि दुपारच्या खेळाला आत गेल्या.

पडदा उघडला आणि त्या वही विसरल्या. पोरगी उडी घेई, आणि खाली यायचं की नाही हे जणू तीच ठरवी. एकदा ती नुसती पाठमोरी उभी राहिली. भरल्या नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. हे बघायलाच आपण इतकी वर्षं जगलो, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

एका उडीनंतर तिचा गुडघा किंचित थरथरला. निदान बाईंना तसं दिसलं.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘आज मी नृत्य पाहिलं.’ ते खोडलं. मग काळजावर दगड ठेवून लिहिलं, ‘मेहनत आहे, जीव नाही. या मुलीनं वेळीच दुसरी वाट धरावी.’ जन्मात पहिल्यांदा त्या खोटं छापायला देत होत्या. एका पोरीचा पाय वाचेल, एवढंच समाधान.

पोरीनं खरंच नाच सोडला. पुढच्या आठवड्यात तिच्या भूमिकेत दुसरीच मुलगी उभी राहिली. बरी होती. नव्या मुलीला दोन शब्द धीराचे सांगावेत म्हणून खेळानंतर बाई काठी टेकत रंगपटाकडे गेल्या.

दार उघडंच होतं. नवी नर्तिका आरशासमोर बसली होती, आणि तिच्या केसांतल्या पिना काढत उभी होती तीच, त्या दिवशीची बाई.

“आई,” मुलीनं विचारलं, “कसं झालं गं?”