जपानी फुलदाणी

जुन्या बाजारातून आणलेली जपानी फुलदाणी आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. लेकीबद्दल मात्र कोणी विचारलं की, "कंपनीत आहे," एवढंच सांगून विषय बदलायची. लेक वायरमन आहे, हे सांगायला तिची जीभ रेटत नसे.

नव्या शेजारीणबाई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा आईनं हौसेनं फुलदाणीत पाणी ओतून फुलं लावली. बघता बघता टेबलावरचं कापड ओलंचिंब झालं. आईचा चेहरा एवढासा झाला.

त्या गेल्यावर लेकीनं फुलदाणी उपडी केली. बुडाला गोल भोक होतं. "आई, हिचा कोणीतरी पूर्वी दिवा केला होता. हे भोक वायरीसाठीच पाडलंय."

रविवारी लेकीनं फुलदाणीच्या तोंडाशी होल्डर बसवला, वर शेड चढवली.

पुढच्या खेपेला शेजारीणबाई दारातच थबकल्या. "अगं बाई, किती सुंदर दिवा! ही तीच जपानी फुलदाणी ना?"

"असेल जपानी," आई म्हणाली. "तुम्ही आधी वायर कुठून गेलीय ते शोधून दाखवा बघू! वायरमन आहे आमची लेक."