जॉइंट फोटो

"फिल म्हणजे भरणं का?" मेघनाने विचारलं.

"सावली भरणं," रवींद्र म्हणाला. "एका बाजूने मोठा दिवा लावला की चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते. तिथे थोडा उजेड द्यायचा. तो फिल लाइट."

तिने वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली आणि पुन्हा वर बघितलं.

मोहने गावच्या बाजारातल्या रवींद्रच्या फोटो स्टुडिओत दर रविवारी सकाळी हा वर्ग चालायचा. सुरुवातीला पाच जण होते. बाकीच्यांना मोबाइलवर सगळं मिळालं, मेघना तेवढी राहिली. तेच शब्द चाळीस वर्षं सांगून रवींद्रला कंटाळा आलेला. स्टुलावर तासभर बसलं की पाठ भरून यायची. वर्ग बंद करायचं त्याने दोनदा ठरवलं होतं. पण ही बाई खडवलीहून लोकलने येऊन आंबिवलीला उतरून, तिथून रिक्षा करून यायची. तिला कसं सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

तिच्याकडे कॅमेरा नव्हता.

"घ्यायचाही नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणालेली. "मला फोटो वाचता आला तरी पुरे, सर."

ती एका शाळेत क्लार्क होती. चाळिशी उलटलेली, कमी बोलणारी. वडील मागच्या वर्षी गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं. एक्स्पोजर, ओव्हर, अंडर असे शब्द ती पाढ्यांसारखे पाठ करून यायची. डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याला कॅचलाइट म्हणतात हे सांगितल्यावर तिने भिंतीवरच्या प्रत्येक फोटोचे डोळे जवळ जाऊन पाहिले.

"दिवा जिथे असेल, तिथेच ठिपका?"

"तिथेच. माणूस खोटं हसेल, ठिपका खोटा पडत नाही."

पुढच्या रविवारी तिने विचारलं, "दोन फोटो जोडून एक केला असेल तर ओळखता येतं?"

"त्याला आम्ही जॉइंट म्हणायचो," रवींद्र म्हणाला. "लोक आईचा एक फोटो आणायचे, वडिलांचा एक. दोघं कधी एकत्र बसलेलीच नसायची. आम्ही कापून शेजारी शेजारी बसवायचो, सांध्यावर ब्रश फिरवायचो, वर हारही रंगवायचो. ओळखायचं तर नाकाची सावली बघायची. दोघांची एकाच बाजूला पडली पाहिजे. मग कॅचलाइट. मग फोटोचा दाणा. एक चेहरा रवाळ आणि दुसरा गुळगुळीत असेल, तर समजायचं."

मेघनाने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ती दोघं कधी एकत्र नव्हतीच," ती म्हणाली.

तिचा चेहरा बघून रवींद्रला एक जुनी गोष्ट आठवली. एका मुलीने आईवडिलांचा फोटो मोठा करायला दिलेला. हा जॉइंट आहे, तो सहज बोलून गेला. मुलगी काउंटरवरच रडली. मोठा केलेला फोटो न्यायला कधी आलीच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मेघनाने पिशवीतून एक पाकीट काढलं.

"कॉपी आहे. मूळ फोटो माझ्याकडे नाही."

काळापांढरा फोटो होता. तरुण माणूस, शेजारी नऊवारीतली बाई, दोघांच्या गळ्यात हार. माणसाची हनुवटी थेट मेघनाची.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

रवींद्रने भिंग लावलं. खरं तर त्याची गरज नव्हती. बाबांच्या नाकाची सावली डावीकडे, बाईच्या उजवीकडे. बाबांचा चेहरा रवाळ, बाईचा साफ. हार ब्रशने काढलेले, तेही घाईत.

मेघना समोर उभी होती. वही छातीशी धरलेली.

"एकच फोटो आहे," तो म्हणाला. "शेजारी शेजारी बसून काढलेला."

"पण सावल्या वेगळ्या बाजूंना आहेत ना? मला तसं वाटलं."

शिकवलेलं तिला नेमकं समजलं होतं. त्याने भिंग खाली ठेवलं.

"फिल लाइट जास्त झालाय. त्या वेळचे फोटोग्राफर असेच, दोन्हीकडून सारखे दिवे लावायचे. मग सावली कुठेही पडते."

"आणि दाणा?"

"कॉपीत दाणा बिघडतो. ताई, नव्या माणसाला असं वाटतं. मी चाळीस वर्षं हेच केलंय."

"तुम्हाला नक्की वाटतं?"

"नक्की."

तिने फोटो पाकिटात ठेवला. तिचे खांदे एकदम उतरले. सुटल्यासारखे, असं रवींद्रला वाटलं. त्या दिवशी पाठ दुखत असूनही तो तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती वही न घेता. दारातच उभी राहिली.

"वर्ग आता नको, सर. तुमचे आभार मानायला आलेय. वकील म्हणत होते, फोटो तपासायला पाठवू, अजून वर्षभर तारखा लागतील. मी म्हटलं, नको. आमच्या सरांनी बघितलाय."

"वकील कशाला?" रवींद्रने विचारलं. मग हसून म्हणाला, "ते असू दे. फोटो खरा आहे कळल्यावर आईला बरं वाटलं असेल ना?"



"आईला कसं बरं वाटेल, सर? बाबा गेल्यावर तो फोटो घेऊन त्यातली ती बाई आली, बाबांशी तिचं लग्न आईच्या आधी झालंय म्हणत. परवा आईला ठाण्याच्या कोर्टात नेलं. घरावरचा हक्क सोडल्याची सही केली तिने."