डब्यातला जानेवारी

“नेट तुम्हीच कापलंत आणि तुम्हीच परत दिलंत. माझा तुहिनही तुम्हीच नेलात. तो कधी परत देताय?”

मोमेना खातून उभ्यानेच बोलली. टेबलापलीकडच्या साहेबाने चहात बिस्कीट बुडवलं. बांगलादेशातल्या नारायणगंजात त्या कचेरीचं नाव कुणी घेत नाही. नुसतं ‘पिवळी इमारत’ म्हणतात आणि आवाज खाली करतात.

“बसा, खालाम्मा. आम्ही कुणालाही आणलेलं नाही. तरणं पोर आहे, गेलं असेल कुणाच्या मागे.”

हेच ऐकवून त्याने तिला आधीही वाटेला लावलं होतं. आज ती रिकाम्या हाताने आली नव्हती. तिच्या मोबाइलमध्ये पुरावा होता. तो तुहिनच्या डब्यातून आला होता.

नेट बंद झालं तेव्हा बाहेर पोरांचे मोर्चे होते, नाक्यावर गोळीबार होता. गल्लीतल्या लोकांनी सगळं मोबाइलवर टिपलं होतं, पण पाठवणार कुठे? वर्दीवाले तर दिसेल तो मोबाइल हिसकावत होते. मग पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या तुहिनने एका काळ्या डब्यात जुन्या कॉम्प्युटरची डिस्क बसवली आणि डबा घरातल्या राउटरला जोडला. ज्याने त्याने दारात यायचं, आपले व्हिडिओ डब्यात टाकायचे, मोबाइल कोरा करून घरी जायचं.

मोमेना शिलाई मशीनवरून बघत होती. “नेट मेलंय आणि हा नेटवर्क लावतोय! नदी आटली आणि हा नाव रंगवतोय.”

“आम्मू, घरातल्या घरात बोलायला सरकारची परवानगी लागत नाही.”

फाटकावरचा कॅमेराही त्याने डब्याला जोडला. मोबाइलवर चित्र आलं. फाटक, गल्ली, शेजारच्यांच्या कोंबड्या. कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी दोन हजार.

“हे काय रे? तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं.”

“मग मजा कर की! ना मी, ना माझी कटकट.”

“थोबाड फोडीन. आधी घड्याळ लाव त्याचं.”

त्याने हाताने तारीख लावली. लाइट गेली. लाइट आली, तसा डबा पुन्हा जानेवारीत जाऊन बसला. कॅमेराही त्याचंच ऐकायचा. दिवसातून तीनदा लाइट जायची, आणि गल्लीत पुन्हा पुन्हा तोच एक जानेवारी उजाडायचा. शेवटी तुहिन कंटाळला.

“ह्याला खरी वेळ नेटवरून मिळते, आम्मू. नेट आलं की आपोआप लागेल. तू आधी हा डबा उघडायला शीक. मी घरी नसलो तर?”

“कुठे जाणार आहेस?”

“मुरमुरे आणायला,” तो हसला.

दुपारी कर्फ्यू थोडा सैल झाला आणि तो खरंच मुरमुरे आणायला गेला. मोमेनाचं मशीन धडधडत होतं. तिला काही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा फाटकाबाहेर मुरमुरे सांडले होते आणि कोंबड्या ते टिपत होत्या.

बाकीचं तिने डब्यात पाहिलं. चार वर्दीवाले होते. करडी गाडी होती, डावं दार चेपलेलं. तिनेच शिवलेल्या शर्टाची कॉलर एकाच्या मुठीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट आलं. डब्याने शहाण्या पोरासारखी खरी तारीख लावून घेतली, अगदी आपोआप. त्याला वेळ लावणारा तेवढा घरात नव्हता.

आणि आज इथे येताना तीच करडी गाडी तिला खाली अंगणात दिसली होती. चेपलेलं दारसुद्धा अजून कुणी ठोकून सरळ केलं नव्हतं. कशाला करतील? भीती कुणाची?

तिने मोबाइल साहेबासमोर धरला. साहेबाने पाहिलं. त्याचं चघळणं थांबलं. बिस्कीट कपात गळून पडलं. त्याने परत एकदा लावून पाहिलं. मग त्याची नजर चित्राच्या कोपऱ्यात गेली आणि चेहऱ्यावर रंग परत आला.

“अरे, या रे इकडे सगळे! खालाम्मांनी काय आणलंय बघा. एक जानेवारी, दोन हजार!”

माणसं जमली. हसली. चोर ते चोर, वर शिरजोर.

“खालाम्मा, पोरगा कधीचा तुमचा?”

“दोन हजार तीनचा.”

“म्हणजे ह्या तारखेला तो जन्मलाही नव्हता!” साहेबाने मोबाइल तिच्याकडे सरकवला. “मग मी शोधू कुणाला?”

पुन्हा हशा पिकला.

घड्याळाचं सगळं मोमेनाला सांगता आलं असतं. नेट तुम्ही कापलंत, म्हणून डबा आंधळा झाला आणि त्या दिवसाच्या चित्रावर जानेवारीच उमटला, हे रिक्षात बसून तिने घोकलं होतं. पण तिने ते गिळलं. ज्यांनी वेळच पळवली, त्यांना वेळेचा हिशेब कशाला द्यायचा? तिने मोबाइल उचलला नाही. तसाच मागे ढकलला.

“बरोबर आहे, साहेब. त्या तारखेला तो जन्मला नव्हता. माझ्या पोटातसुद्धा नव्हता. मग जो जन्मलाच नव्हता, त्याची कॉलर धरायला तुमची चार माणसं आणि खाली उभी असलेली ती गाडी कशाला लागली? हसताय काय, बोला ना. कुठे ठेवलंय माझ्या पोराला?”