ताईत वाजतोय

"मशीन वाजतंय की गं, पोरी! बघ जरा," आप्पासो म्हणाले, पण प्रांजल हसली. कवठे महांकाळच्या सॉ मिलमध्ये लाकूड करवतीला लावण्याआधी आत खिळा दडलाय का, हे तिचे सासरे आप्पासो त्या धातू हुडकणाऱ्या मशीननं शोधायचे. आज त्यांनी ते खेळता खेळता नातवाच्या, ओजसच्या छातीवरून फिरवलं होतं.

"आवं मामा, त्याचा ताईत वाजतोय!"

ओजसची लाळ गळत होती, त्याला घास गिळवत नव्हता. दात येत असतील, असं तीच सगळ्यांना सांगत होती.

तिसऱ्या दिवशी एक्स-रेसाठी तिनं ताईत काढून मुठीत धरला. फोटोत ओजसच्या अन्ननलिकेत खेळण्यातला गोल सेल अडकलेला दिसला.



सेलनं अन्ननलिका आतून जाळली; ओजस आता पोटात घातलेल्या नळीनं दूध घेतो. तुमचं लेकरू आत्ता काय चघळतंय, तेवढं बघून येता का?