खालची रांग

२०२२ सालचा मार्च होता. पाट्यांवर अजून अहमदनगर होतं, आणि पाथर्डीकडे ज्वारीची सुगी चालू होती.

शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत देवश्री पांढरट पाण्याच्या टबाशी घड्याळ घेऊन उभी होती. टबात एक उंदीर पोहत होता. पाण्याखाली एक छोटा पाट दडवलेला होता. चार दिवसांच्या सरावानंतर साध्या उंदराला त्याची जागा आठवते. हे उंदीर साधे नव्हते. जन्मापूर्वीच त्यांचं एक जनुक बदललेलं होतं, मेंदूतल्या नव्या जोडण्या नीट होऊ नयेत म्हणून. ते वाट विसरणार, हे धरूनच देवश्रीचं तीन वर्षांचं काम उभं होतं.

उंदीर सरळ पाटावर जाऊन चढला आणि त्याने अंग झाडलं.

"नऊ सेकंद," ती म्हणाली. "सर, हा आठवा."

तिच्या मार्गदर्शकांनी, सुहाससरांनी, पिंजऱ्यांची कार्डं टेबलावर मांडली. सोळा पिंजऱ्यांत सोळा उंदीर. आठ वाट चुकत होते, आठ शहाण्यासारखे वागत होते. जनुकाची तपासणी दोनदा झाली होती. सोळाच्या सोळा बदललेलेच निघाले होते.

"कोणीतरी पिंजऱ्यांत हात घातलाय," सर म्हणाले. "कोण ते कळू दे. तो माणूस उद्यापासून इथे नको."

दारात भुशाची पिशवी घेऊन बनुबाई उभी होती. ऊसतोड सोडून ती इथे पिंजरे साफ करायला लागली, त्याला सहा वर्षं झाली होती.

"मीच घातला, सर."

तिने खिशातून बोटाएवढा पांढरा तुकडा काढून टेबलावर ठेवला. ज्वारीच्या धांड्यातलं भेंड, ताटाच्या आतला हलका गाभा.

"ह्ये टाकत हुते. रोज सकाळी. ताई यायच्या आत काढून घ्यायचे."

"मावशी, मी लिहून लावलं होतं ना," देवश्रीचा आवाज चढला. "भुसा, पाणी, दाणा. बाकी काही नको."

"व्हय. वाचलं की."

"मग?"

बनुबाईने पिशवी खाली ठेवली. "माजी मोनिका तीन वर्साची हुती. आमी फडात ऊस तोडायचो, अन् ती कोपीत, आमच्या खोपटात, खांबाला बांधलेली. बैलाखाली येऊ नये म्हनून. तिच्यापाशी काय हुतं? उसाचं पाचट. बोलायचीच न्हाई पोर. मंग आज्यानं तिला भेंडाची बैलगाडी करून दिली. महिन्याभरात बैलांना हाका मारायला लागली." ती थांबली. "ही उंदरं पन तशीच बसायची, ताई. कोपऱ्याकडं तोंड करून. मला बघवंना."

देवश्री खुर्चीत बसली. तीन वर्षं, असं काहीतरी ती पुटपुटली.

सुहाससरांनी भेंड उचलून पाहिलं. त्याच्या कडा बारीक दातांनी कुरतडलेल्या होत्या.

"सगळ्या पिंजऱ्यांत टाकत होतात?"

"न्हाई सर. खालच्या रांगेतच. वरच्या रांगेला माजा हात पुरत न्हाई. स्टूल मागितलं हुतं दोनदा. कुनी देईल तर ना."

देवश्री उठली. एकेक कार्ड उलटून बघू लागली. आठवं कार्ड उलटलं आणि ती तशीच उभी राहिली. शहाणे आठही खालच्या रांगेतले होते.

"हे आकडे आपल्याला धरता येणार नाहीत," सर हळूच म्हणाले. "आपण ठरवून केलेलं नाही हे. पहिल्यापासून करावं लागेल. वर्ष जाईल."

"जाऊ दे, सर."

"मंग मी उद्यापासून येऊ नको ना?" बनुबाईने विचारलं.

"या, मावशी," देवश्री म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि येताना धांडी आणा. पुष्कळ आणा."

सुहाससर बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्टूल होतं.

नव्या तुकडीत भेंड वरच्या रांगेला आणि खालच्या रांगेला नुसता भुसा, असं ठरलं. उलटं करून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. चार महिने बनुबाई रोज स्टुलावर चढली. उतरताना ती खालच्या रांगेकडे बघत नसे.

निकाल तोच आला. वरच्या रांगेने वाट लक्षात ठेवली. शेवटच्या दिवशी देवश्री प्रत्येक पिंजऱ्यापुढे क्षणभर थांबली. बनुबाईने हात जोडले. ते उंदीर राहिले नाहीत, राहत नसतातच. त्यांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा वरच्या रांगेच्या कापांत नव्या जोडण्या दाट दिसल्या.

देवश्री पीएच.डी. झाली. आता बंगळूरला असते, उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांवर काम करते. सुहाससर निवृत्त झाले. आल्यागेल्याला ही गोष्ट सांगतात. 'तो माणूस इथे नको' हे आपलं वाक्य आधी गाळायचे, हल्ली तेही सांगतात. मोनिका पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवते. ती फार बोलते, अशी तिथल्या मुलांच्या आयांची तक्रार आहे.

बनुबाई अजून तिथेच आहे. संस्थेत आता एकही पिंजरा भेंडाशिवाय ठेवत नाहीत. दर सुगीनंतर ती एस.टी.तून धांड्यांची पेंढी आणते. धांडी वाफवून घेतात, भेंड सोलतात, तुकडे करतात. स्टूल कायम तिथेच असतं. तरी ती सुरुवात खालच्या रांगेपासून करते.