ना तेल, ना सेल

अहेरीच्या बाजारात मासोळ्या विकून जंगलातून घरी परतायला डोमाला दर आठवड्याला अंधार व्हायचा. म्हणून या खेपेला तो सायकलचा दिवा घ्यायला गुणवंतरावांच्या दुकानात शिरला.

“भाऊ, स्वस्तातला दाखवा.”

“राकेलचा दिवा गचक्यानं विझते, अन् बॅटरीले दर महिन्याले नवे सेल घ्या लागते. तू हा डायनामो घे. चाकाले टेकवला का झालं, ना तेल, ना सेल. जोवर पायडल मारशीन तोवर उजेड.”

डोमाला ते पटलं. त्याच सांजेला सागाच्या जंगलातून उजेडाचा पिवळा पट्टा पुढं पळवत तो निघाला. सायकल जड चालत होती, पण वाटेतला खडा न् खडा दिसत होता. नाल्याच्या वळणावर त्याच उजेडात, वीसेक पावलांवर, वाट अडवून बसलेला वाघ दिसला आणि डोमाचे पाय पायडलवरच थिजले.



चाक थांबलं तसा दिवा विझला. आता वाघ बसलाय की उठलाय हे पाहायचं, तर पायडल मारत त्याच्याकडंच जायला हवं होतं.