चढावरची टकटक

"टर्बोच्या गाडीत पंच्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल भर, साध्यावर चढाला इंजिन टकटकतं," अण्णांनी लेकीला निघतानाच बजावलं होतं. चिपळूणच्या पंपावर ते संपलेलं. अण्णांना डुलकी लागली होती, म्हणून शैलानं गुपचूप साधंच भरलं.

कुंभार्ली घाटाचा चढ लागला तसं इंजिन टकटक करू लागलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेले अण्णा रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं दुखणं घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे. आता बोलणी बसणार म्हणून तिनं अंग चोरलं.

दोन वळणं गेली. टकटक वाढतच होती. शेजारी जागे झालेले अण्णा समाधानानं म्हणाले, "बघ, चांगलं पेट्रोल घातलं की इंजिन कसं मुकाट चढतं."

शैलानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला.

"हो, अण्णा," ती म्हणाली.

अण्णा समोर बघत राहिले.

मग तिनं तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.